साखरेची फुले : हौस आणि हुन्नर

वसंत ऋतूतील व्याख्यानसत्रात राज्ये, लढाया, तह आणि संतचरित्रे यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. तेव्हा केकवर साखरेची फुले काढण्याच्या कलेचा इतिहास हा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या ओठांवर हसू उमटले, तर त्यात आम्हांस नवल वाटणार नाही. परंतु इतिहास केवळ गडकोटांवर घडत नाही. तो चुलीपाशीही घडतो, आणि चुलीपाशी घडलेल्या इतिहासाची बखर सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून आज या लहानशा विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या परभणी जिल्ह्यात आज वाढदिवसाला केक कापणे ही अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी अशा तालुक्याच्या गावीही काचेच्या कपाटात गुलाबी फुलांचे केक मांडलेले दिसतात. त्याचबरोबर दुसरीही एक गोष्ट घडत आहे. केक सजविण्याचे काही दिवसांचे वर्ग भरतात आणि त्यांत सासुरवाशिणी, कॉलेजातील मुली, क्वचित मुलगेही हातात प्लॅस्टिकचा कोन धरून फुले काढावयास शिकतात. याविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की ही परकी थेरे असून आपल्या परंपरेला त्यांनी ग्रासले आहे. दुसरे असे, की ही बायकांची वेळ घालविण्याची हौस आहे, तिला काय एवढे महत्त्व द्यावयाचे? इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही मते टिकत नाहीत, असे आमचे म्हणणे आहे. हे फूल जितके परके दिसते तितके ते परके नाही. आणि ज्याला आपण हौस म्हणतो, तो फार जुना हुन्नर आहे. त्याचे मोल करण्याचे मात्र आपण आजवर टाळत आलो.

प्रथम साखरेचीच कथा पाहू. उसाचे मूळ स्थान आग्नेय आशियाच्या पलीकडील न्यू गिनीकडे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. परंतु उसाच्या रसाचे दाणेदार साखरेत रूपांतर करण्याची विद्या भारतात, सुमारे गुप्तकाळात, सिद्ध झाली. त्याची साक्ष शब्दच देतात. आपल्या ‘शर्करा’ शब्दापासून फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’ आणि पुढे इंग्रजी ‘शुगर’ झाला. ‘खंड’ या शब्दापासून ‘कंद’ आणि मग ‘कँडी’ झाला. म्हणजे विलायती मिठाईच्या नावातही आपली खडीसाखर विरघळलेली आहे.

युरोपात साखर पोहोचली ती औषधाच्या आणि मसाल्याच्या मोलाने. जी वस्तू दुर्मिळ, तिचे प्रदर्शन हाच श्रीमंतीचा पुरावा. म्हणून राजेरजवाड्यांच्या मेजवानीत साखरेचे किल्ले, प्राणी आणि देवता मांडण्याची चाल पडली. १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला, तेव्हा त्याच्यापुढे ताटल्या, चमचे आणि हातरुमालसुद्धा साखरेचे घडवून ठेविले होते, असे वर्णन आढळते. साखरेचे फूल जन्मले ते असे दरबारात, वैभवाचा दिमाख म्हणून.

या शुभ्रतेची एक काळी बाजू आहे, ती झाकून पुढे जाणे इतिहासाला शोभणार नाही. पुढील शतकांत युरोपात साखर स्वस्त झाली ती वेस्ट इंडीज बेटांवरील मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. १७९१ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापाराच्या बंदीचा ठराव फेटाळला, तेव्हा तेथील अनेक कुटुंबांनी ती साखर वर्ज्य केली, आणि या बहिष्कारात घरातील स्त्रिया पुढे होत्या. पुढे तर ‘यातील साखर गुलामांनी केलेली नाही, हिंदुस्थानातील आहे’ अशा अर्थाचा मजकूर छापलेली साखरदाणी टेबलावर ठेवण्याची रीत निघाली. साखरेमागचा हात कोणाचा, हा प्रश्न अशा रीतीने चहाच्या पेल्यापर्यंत येऊन पोहोचला. त्याच प्रश्नाकडे आपणांस शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

दरम्यान १७४७ मध्ये मार्ग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बीटच्या कंदात उसासारखीच साखर असल्याचे दाखविले, आणि एकोणिसाव्या शतकारंभी बीटपासून साखर काढण्याचे कारखाने निघाले. साखर विपुल झाली, तसे दरबारातील फूल मध्यमवर्गीयाच्या घरी उतरले. १७६९ साली एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईने आपल्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर बदामाचा आणि त्यावर साखरेचा थर देण्याची कृती छापली. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या विवाहात साखरेच्या शुभ्र लेपाने मढविलेला प्रचंड केक होता. अंड्याचा पांढरा बलक आणि बारीक साखर घोटून केलेल्या लेपाला ‘रॉयल आयसिंग’ हे राजेशाही नाव आहे. हाच लेप कागदाच्या शंकूत भरून टोकातून दाबीत नक्षी काढण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात युरोपातील हलवायांनी परिपूर्ण केली.

आता आपल्या घराकडे वळू. इंग्लंडमध्ये १६०० च्या सुमारास सर ह्यू प्लॅट नावाच्या गृहस्थाने कुलीन स्त्रियांसाठी एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दोन कृती आहेत. एक अशी, की मंद निखाऱ्यावर पसरट भांडे धरून त्यात बडीशेपेसारखे दाणे टाकावेत, त्यांवर पळीपळीने पाक सोडावा, हाताने हलवीत राहावे, म्हणजे दाण्यावर साखरेचे थर चढत जातात. दुसरी अशी, की कोरीव लाकडी साच्यात साखरेचा लगदा दाबून आकार काढावेत. या दोन्ही कृती ऐकताच आपल्या घरातील कोणतीही आजी म्हणेल, ‘अहो, पहिला हा आमचा संक्रांतीचा हलवा, आणि साच्याच्या म्हणाल तर पाडव्याच्या गाठी!’ आणि तिचे म्हणणे अगदी खरे आहे.

हलवा करण्याचे कौशल्य ज्यांनी पाहिले आहे त्यांस त्याचे मोल सांगावयास नको. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन, खाली मंद आच ठेवून, एकतारी पाक चमचाचमचा सोडावयाचा आणि बोटांनी दाणे फिरवीत राहावयाचे. आच वाढली तर साखर पिवळी पडते. पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांस चिकटतात. घाई केली तर काटा येत नाही. एकेका दाण्यावर काटा उभा राहावयास दिवस लागतात. मग त्या दाण्यांची मंगळसूत्रे, बाजूबंद, नथ, मुकुट गुंफावयाचे आणि नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला किंवा तान्ह्या बाळाला बोरन्हाणाच्या वेळी घालावयाचे. काळ्या साडीवर पांढरे दागिने ही रंगसंगती कोणा चित्रशाळेत शिकविलेली नव्हती.

गाठीचे काम हे बाजारातील कारागिराचे. होळीच्या आधीपासून भट्ट्या पेटतात. साखरेचा पाक उकळून त्याचा मळ दुधाने काढतात, सागवानी साच्यात दोरा अंथरून त्यावर तो ओततात, आणि काही मिनिटांत पाक आळून पदकांची माळ तयार होते. मराठवाड्यात होळीला लेकरांच्या गळ्यात आणि पाडव्याला गुढीवर तीच माळ चढते. म्हणजे साखरेला आकार देण्याच्या दोन्ही रीती, साच्यातील आणि हातातील, आपल्याकडे पूर्वीपासून नांदत आहेत.

मग टोकातून दाबून आकार काढण्याची तिसरी रीत तरी नवी आहे काय? तीही नाही. जिलेबी करणारा हलवाई भोक पाडलेल्या फडक्याची पुरचुंडी मुठीत धरून तुपावर वेढे टाकतो, तेव्हा तो दुसरे काय करीत असतो? आणि ही जिलेबी तरी मूळची आपली कोठे? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी या पदार्थाच्या इतिहासाचा शोध घेतला. सुमारे १४५० सालच्या एका जैन ग्रंथात तिचा उल्लेख येतो, आणि सतराव्या शतकातील रघुनाथ नवहस्त यांच्या ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथात तिची कृतीच दिलेली आहे. नावाने मात्र ती अरबी ‘झुलाबिया’ची मुलगी ठरते. पाहुणी म्हणून आलेली जिलेबी लग्नाच्या पंगतीत यजमानीण होऊन बसली. जो समाज जिलेबीला पाच शतके आपली म्हणत आला, त्याने केकवरच्या फुलाला परके म्हणून हिणवावे, हे न्यायाचे नव्हे.

चकलीचा सोऱ्या घ्या. त्याच्या तळाशी चांदणीच्या आकाराची ताटली असते. म्हणूनच चकलीला काटे येतात. केकच्या वर्गात ज्याला ‘स्टार नोझल’ म्हणतात तो या ताटलीचा धाकटा भाऊच होय. कुरडई घालताना बाई एका हाताने सोऱ्या दाबते आणि दुसऱ्या हाताने तो गोल फिरविते. दाब आणि चाल यांचा मेळ बसला तरच कुरडई गोल पडते. गव्हले, मालत्या, नखुले हे वळवटाचे प्रकार तर नुसत्या चिमटीवर अवलंबून असतात. रुखवतावर मांडलेली ही सारी कला आपण पाहतो, वाखाणतो आणि विसरून जातो.

मग युरोप-अमेरिकेत असे काय घडले, की तेथे या कौशल्याचा धंदा झाला आणि आपल्याकडे त्याची हौसच राहिली? आमच्या मते त्याचे एक मोठे कारण शिक्षणाच्या रीतीत आहे. तेथेही आरंभी ही विद्या हलवायांच्या दुकानात बंदिस्त होती; उमेदवाराने वर्षानुवर्षे गुरूच्या हाताखाली राबावे, तेव्हा ती पदरात पडे. विसाव्या शतकात हे दार उघडले. १९२९ साली अमेरिकेतील शिकागो शहरी ड्यूई मॅकिन्ली विल्टन या मिठाईकाराने केक सजविण्याचे वर्ग सुरू केले. १९३४ साली जोसेफ लॅम्बेथ यांनी आपली नक्षीची पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जी विद्या उस्तादाच्या बोटांत होती तिचे पाठ झाले; कोणत्या फुलाला कोणते नोझल, किती पाकळ्या, कोन किती अंशांचा, हे सांगता येऊ लागले. जे सांगता येते ते शिकविता येते. जे शिकविता येते त्याची परीक्षा घेता येते आणि दामही ठरविता येतो. घरातील बाईला दुकानाच्या उंबऱ्यात न जाताही कारागीर होता येऊ लागले, ते यामुळे.

आपल्या देशात भट्टीचा पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यास आला आणि तेथील पोदेर त्याचे वाटेकरी झाले. मलबारातील तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्याने १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक भाजला, अशी प्रसिद्ध हकीकत आहे. पुण्यामुंबईत इराणी मंडळींनी बेकऱ्या थाटल्या. पुण्याची कयानी बेकरी १९५५ सालची. हा सारा पुरुषांचा, भट्टीवरचा धंदा होता. स्त्रियांच्या बाजूने दार उघडले ते छापखान्याने आणि शाळेने. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाचे कार्य सुरू झाले आणि शिवण, परिचर्या यांसारख्या कामांकडे उपजीविकेची साधने म्हणून पाहण्याची दृष्टी आली. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ निघाले आणि हजार पाकक्रिया अक्षरबद्ध झाल्या. सासूने सुनेला दाखवावयाचे ते आता पुस्तक सांगू लागले.

परभणीचा मार्ग यापेक्षा लांबचा होता. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि मनमाड व हैदराबाद ही दोन्ही टोके जोडली गेली. परंतु शिक्षणाची, त्यातही मुलींच्या शिक्षणाची, गाडी फार मागे राहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १८ मे १९७२ रोजी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेच आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. या विद्यापीठात १९७६ साली गृहविज्ञानाचे महाविद्यालय निघाले. आमच्या दृष्टीने जिल्ह्याच्या इतिहासात ही तारीख लहान नाही. अन्न शिजविणे, टिकविणे, मापणे हा पदवीचा विषय आहे, असे या भूमीत प्रथमच मान्य झाले. जी गोष्ट ‘बायकांना येतेच’ म्हणून सोडून दिली होती, तिला प्रयोगशाळा मिळाली. पुढे बचत गट आले, औद्योगिक प्रशिक्षणात बेकरीचा अभ्यासक्रम आला, आणि त्याच ओघात आजचे हे केकचे वर्ग आहेत.

या वर्गांत शिकवितात तरी काय? आरंभ लेपाच्या घट्टपणापासून होतो. चमचा उचलला असता लेपाचे टोक ताठ उभे राहिले तर तो गुलाबाला योग्य. टोक किंचित वाकले तर चांदणीफुलांना आणि काठाच्या नक्षीला. त्याहून सैल असेल तर अक्षरांना आणि पानांना. पाणी घालावयाचे ते थेंबाथेंबाने. आमच्या आजीला एकतारी-दोनतारी पाक बोटांत ओळखता येई, त्याच जातीची ही परीक्षा आहे.

त्यानंतर हात. पिशवी निम्मी भरावी, वरून पिळून घ्यावी, उजव्या मुठीने दाबावी आणि डाव्या हाताच्या बोटाने केवळ टेकू द्यावा. पहिला धडा ठिपक्याचा: नोझल उभे धरावे, दाबावे, दाब थांबवावा आणि मगच उचलावे. दाब चालू असताना उचलले तर ठिपक्याला शेपूट येते. दाब, थांबणे, उचलणे या तीन क्रियांत साऱ्या विद्येचा गाभा आहे. ठिपक्यानंतर चांदणीफूल, मग शिंपल्यांची ओळ, मग एका वेढ्याचे फूल, मग पान, आणि शेवटी गुलाब.

गुलाबासाठी खिळ्यासारखे एक साधन असते, त्याला सपाट चकतीचे डोके असते. त्या चकतीवर मेणकागदाचा तुकडा चिकटवून मधोमध लेपाचा छोटा शंकू उभारावयाचा. पाकळीचे नोझल एका बाजूस रुंद व दुसरीकडे निमुळते असते. रुंद बाजू खाली, निमुळती वर. डावा हात खिळा फिरवितो, उजवा हात दाबीत कमान काढतो. प्रथम कळीचा वेढा, मग तीन पाकळ्या, त्यांबाहेर पाच, त्यांबाहेर सात. प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीच्या मध्यावरून निघते आणि बाहेरची पाकळी आतल्या पाकळीपेक्षा अधिक उघडलेली असते. पहिले शंभर गुलाब कोबीच्या गड्ड्यासारखे दिसतात. त्याने खचून जाऊ नये. उपड्या ताटावर काढावे, खरवडून पुन्हा पिशवीत भरावे आणि पुन्हा काढावे. सरावाला लेप वाया जात नाही. ज्या मुलीचा हात मेंदीच्या कोनावर किंवा सोऱ्यावर बसलेला आहे, तिला ही वाट निम्मी चाललेलीच असते.

आणखी एक गोष्ट परभणीकरांनी विशेष ध्यानात घ्यावयाची, ती हवेची. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते, आणि आपला वैशाख चाळीस अंश सहज ओलांडतो. तेव्हा लोण्याच्या फुलाला येथे उन्हाळ्यात थंडाव्याखेरीज निभाव नाही. उलट रॉयल आयसिंगच्या फुलाला आपली कोरडी हवा मानवते. ते दिवसभरात खडखडीत वाळते आणि हवाबंद डब्यात महिनोन्महिने टिकते. पावसाळ्यात मात्र तेच फूल ओल धरून मऊ पडते. भांड्याला तेलतुपाचा अंश राहिला तर लेप फुगत नाही, आणि ओले फडके झाकले नाही तर त्यावर पापुद्रा धरतो. या सूचना कोरड्या वाटतील, परंतु हवेचा स्वभाव ओळखून हात चालविणे हीच कारागिराची खूण आहे.

बाजारात जे व्हिप क्रीम म्हणून वापरतात त्याचा जन्मही मनोरंजक आहे. १९४५ साली अमेरिकेत रॉबर्ट रिच या व्यावसायिकाने दुधाऐवजी सोयाबीनपासून फेटता येणारी मलई तयार केली आणि त्या प्रकारची बाजारपेठ उघडली. आज अशा मलईत बहुधा अन्य वनस्पतिजन्य तेले असतात, पण उगम सोयाबीनचा. अंडे न खाणाऱ्या घरांची अडचण तर त्याहून अलीकडे सुटली. २०१४ च्या सुमारास जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थाला असे आढळले, की कडधान्ये शिजविलेले पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे फेटून फुगविता येते. हरभऱ्याचे पाणी या कामी उत्तम ठरले. सोयाबीन आणि हरभरा! आपल्या काळ्या रानात खरिपाला एक आणि रब्बीला दुसरे डोलत असते. ज्या फुलाला आपण परके म्हणतो, त्याचा कच्चा माल आपल्याच बांधावर उभा आहे.

आता मघाशी बाजूस ठेविलेला प्रश्न: साखरेमागचा हात कोणाचा, आणि त्याचे मोल किती? ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातील हजारो जोडपी घर सोडून कारखान्यांच्या फडावर जातात. आपल्या गंगाखेड, सोनपेठ भागांतूनही जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते आणि हिशेबही कोयत्याचा. त्या एका शब्दात बाईचे वेगळे श्रम दिसेनासे होतात. ती ऊस सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. परंतु नाव कोयत्याचे आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती. उसाच्या फडात जे घडते तेच घरातील हलव्याच्या परातीपाशी अधिक सौम्य रूपाने घडत आले. चार दिवस निखाऱ्यापाशी बसून काटा आणणाऱ्या बाईचे कौतुक होते. तिच्या वेळेचा आणि बोटांचा हिशेब कोणी मांडीत नाही. कौतुक हा मोबदला असतो खरा, पण त्यावर मुलांची फी भरता येत नाही.

म्हणून केकचे वर्ग आम्हांस महत्त्वाचे वाटतात, ते फुलासाठी तितके नव्हेत, जितके हिशेबासाठी. पुष्कळ वर्गांत गुलाब शिकवितात, पण किंमत काढावयास शिकवीत नाहीत. शिकणारी बाई मैदा, साखर, मलई यांचा खर्च धरते आणि स्वतःचे चार तास फुकट सोडते. कारण घरात ते तास फुकटच धरण्याची सवय आहे. परिणामी शेजारीणही म्हणते, ‘घरीच तर करतेस, एवढे कसले ग पैसे?’ वर्ग चालविणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी पाटीवर लिहावे: साहित्य, इंधन, वीज, डबा, वेळ. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला. त्याप्रमाणे घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यासही नोंदणी करावी लागते, हेही तेथेच सांगावे. नोंदणीला काहीजणी घाबरतात. आम्ही म्हणतो, तो कागद म्हणजे आपल्या नावाने कारागीर असल्याची पहिली सरकारी नोंद होय, तिला मिरवावे.

काहीजण अशी शंका घेतील, की केकच्या नादात हलवा आणि गाठी मरतील. शंका खोटी नाही. परंतु हलव्याला धोका केकपासून नाही. तो आहे हलव्याची विद्या कोणी वर्गात शिकवीत नाही यापासून. विल्टन आणि लॅम्बेथ यांनी गुलाबाच्या पाकळ्या मोजून ठेविल्या, म्हणून तो गुलाब शिकागोहून जिंतूरपर्यंत आला. आपल्या काट्याच्या हलव्याचे माप, आच, वेळ आणि बोटांची चाल कोणी अशी मोजून ठेविली, तर तोही जेथे जावयाचा तेथे जाईल. आमची सूचना इतकीच आहे, की जेथे आयसिंगचा वर्ग भरतो तेथेच पौष महिन्यात हलव्याचा आणि फाल्गुनात गाठीचा वर्ग भरावा. शिकविणारी वस्तीतील वयस्क बाई असावी, भट्टीवरचा जुना कारागीर असावा, आणि त्यांना मानधन द्यावे. नुसता नारळ आणि खण देऊन त्यांची बोळवण करू नये.

साखरेची विद्या या देशातून जगात गेली आणि कित्येक शतकांनी फुलांच्या रूपाने घरी परतली. परतलेल्या लेकीला परकी म्हणू नये, हा पहिला मुद्दा. आणि ज्या हातांनी ती फुले घडतात त्या हातांना हौशी म्हणून वाटेस लावू नये, त्यांस हुन्नरी म्हणावे आणि हुन्नराचे दाम मोजावे, हा दुसरा. येत्या खेपेस कोणाच्या घरी केक कापला जाईल, तेव्हा त्यावरील गुलाबाच्या पाकळ्या श्रोत्यांनी जरूर मोजाव्यात. तीन, पाच, सात अशा त्या भरल्या, तर समजावे की शिकलेल्या हाताचे काम आहे. आणि मग सुरी चालविण्यापूर्वी तो हात कोणाचा, एवढे एकवार विचारावे.